धावपट्टी दिसत नसेल तर उतरायचं नाही : जाहीर इशारा

प्रति,
भाड्याच्या विमानाने फिरणारे नेते, उद्योजक आणि त्यांचे पीए;
स्वतःच्या विमानाचे मालक;
चार्टर कंपन्यांचे चालक आणि त्यांचे पायलट;
जिल्ह्याजिल्ह्यांतल्या धावपट्ट्या सांभाळणारी सरकारी खाती.

छोटं विमान उतरण्याच्या बेतात आहे. ठरलेल्या उंचीपर्यंत खाली येऊनही धावपट्टी दिसत नाही. किंवा धावपट्टी दिसते, पण विमान ठरलेल्या वेगात आणि मार्गात नाही. अशा वेळी उतरण्याचा प्रयत्न तिथेच सोडून विमान वर न्यायचं असतं. पायलट याला गो-अराउंड म्हणतात. त्यासाठी कुणाची परवानगी लागत नाही आणि त्याबद्दल पायलटकडे कुणी डोळे वटारून पाहायचं नसतं. विमान चालवणाऱ्या प्रत्येकाला हा नियम पहिल्याच वर्षी शिकवला जातो. तरी माणसं याच टप्प्यावर मरत आली आहेत, कारण विमानातल्या कुणाला तरी घाई असते आणि त्या घाईला ठाम नकार देणारं कुणी उरलेलं नसतं.

ही घाई बंद करण्यासाठी तुम्हाला येत्या मृगापर्यंतची मुदत आहे. पाऊस, खाली उतरलेले ढग आणि घाटमाथ्यावरचं धुकं सुरू होण्याच्या आत खालच्या अटी पूर्ण झाल्या पाहिजेत. नाही झाल्या तर काय करायचं, तेही शेवटी लिहिलं आहे.

ॲस्पेनची संध्याकाळ

घाईची किंमत काय असते, हे एका तपास अहवालात स्वच्छ लिहून ठेवलेलं आहे. अमेरिकेच्या कोलोरॅडो राज्यात, रॉकी पर्वताच्या कुशीत ॲस्पेन हे बर्फावरच्या खेळांसाठी प्रसिद्ध असलेलं श्रीमंतांचं गाव आहे. तिथला विमानतळ समुद्रसपाटीपासून सुमारे 7800 फुटांवर, एका दरीत आहे आणि भोवताली डोंगर आहेत. 29 मार्च 2001 रोजी लॉस एंजलिसहून एक भाड्याचं गल्फस्ट्रीम 3 जेट तिथे निघालं. विमानात पंधरा प्रवासी, दोन पायलट आणि एक केबिन कर्मचारी होते.

ॲस्पेनला अशा विमानांसाठी संध्याकाळी वेळेचं बंधन होतं. सूर्यास्तानंतर अर्ध्या तासाच्या आत उतरायचं, नाहीतर दुसऱ्या विमानतळावर जायचं. प्रवासी उशिरा आले आणि विमान निघायलाच चाळीस मिनिटांच्या आसपास उशीर झाला. कदाचित दुसरीकडे उतरावं लागेल, ही कल्पना निघण्यापूर्वीच दिली गेली. ते ऐकून विमान भाड्याने घेणारा ग्राहक संतापला. विमान दुसरीकडे वळवलं जाणार नाही, असा निरोप त्याने आपल्या सहायकाकरवी कंपनीला पाठवला. विमान जमिनीवरून उठायच्या आधीच ते कुठे उतरणार, हे पायलटऐवजी ग्राहकाने ठरवून टाकलं होतं.

ॲस्पेनला पोहोचेपर्यंत अंधार पडत आला होता. हिमवृष्टीच्या सरी येत होत्या. त्यांच्या पुढची विमानं धावपट्टी न दिसल्यामुळे प्रयत्न सोडून वर निघून गेल्याचं रेडिओवर ऐकू येत होतं. कॉकपिटमधल्या जादा आसनावर एक प्रवासी येऊन बसला होता. हे विमान ज्या पद्धतीने ॲस्पेनला उतरणार होतं, त्या पद्धतीने रात्री उतरण्यावर अमेरिकेच्या हवाई प्रशासनाने दोनच दिवसांपूर्वी एक सूचना काढून बंधन घातलं होतं. पण सूचनेची भाषा संदिग्ध होती आणि ती ॲस्पेनच्या टॉवरपर्यंत पोहोचलीच नव्हती.

धावपट्टी दिसल्याशिवाय ज्या उंचीखाली यायचं नाही, त्या उंचीखाली विमान आलं. पायलट खिडकीबाहेर धावपट्टी शोधत राहिले आणि तोवर विमान खाली जात राहिलं. संध्याकाळी सात वाजून दोन मिनिटांच्या सुमाराला ते डावीकडे तीव्र कलून धावपट्टीच्या अलीकडे साधारण 2400 फुटांवर जमिनीवर आदळलं. अठराच्या अठरा जण गेले.

अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने, म्हणजे एनटीएसबीने, मुख्य कारण असं नोंदवलं : धावपट्टीची पुरेशी खूण दिसत नसताना पायलटांनी विमान किमान उंचीच्या खाली नेलं. अपघाताला हातभार लावणाऱ्या गोष्टींची यादी त्याखाली आहे. संदिग्ध सूचना, ती टॉवरला न कळवणं, अंधार आणि हवामान यांच्यासोबत त्या यादीत आणखी एक गोष्ट आहे : विमान उतरवण्यासाठी ग्राहकाकडून कॅप्टनवर आलेला दबाव.

हा निष्कर्ष प्रत्येक साहेबाने आणि साहेबांच्या प्रत्येक पीएने वाचावा. विमानाच्या एकाही कळीला हात न लावणाऱ्या माणसाची घाई अपघाताला हातभार लावणारी ठरल्याचं एका अधिकृत तपास यंत्रणेने लिहून ठेवलं आहे. ‘आम्ही फक्त लवकर पोहोचा एवढंच म्हणालो’ हा बचाव तेव्हापासून संपला आहे.

शेवटची पन्नास सेकंदं

विमानात मागे बसणाऱ्याला उतरण्याची शेवटची मिनिटं निवांत वाटतात. इंजिनाचा आवाज कमी होतो, पट्टे बांधले जातात, खाली शेतं आणि घरं दिसू लागतात. कॉकपिटमध्ये तेव्हा काय चाललेलं असतं, याचा साधा हिशेब मांडतो.

धावपट्टीकडे येणारं विमान साधारण तीन अंशांच्या उतारावरून येतं. म्हणजे प्रत्येक सागरी मैलाला सुमारे तीनशे फूट खाली. 120 नॉट वेगाने येणारं विमान मिनिटाला दोन सागरी मैल कापतं आणि तेवढ्यात सहाशे फूट उतरतं. जमिनीपासून पाचशे फुटांवर असलेल्या पायलटच्या हातात त्यामुळे पन्नास सेकंदं उरतात. एवढ्या वेळात धावपट्टी शोधायची, वारा सावरायचा, वेग राखायचा, चाकं आणि फ्लॅप्स पुन्हा तपासायचे आणि उतरायचं की नाही हेही ठरवायचं. शेवटचा निर्णय आधीच ठरलेला नसेल, तर इतक्या गर्दीत तो नीट होत नाही.

म्हणूनच जगभर ‘स्थिर अप्रोच’ची, म्हणजे उतरताना धावपट्टीकडे स्थिरपणे येण्याची, शिस्त पाळतात. ढगांत किंवा धुक्यात उतरताना हजार फुटांवर आणि स्वच्छ हवेत पाचशे फुटांवर विमान पूर्णपणे बसलेलं असलं पाहिजे : वेग ठरलेला, उतार ठरलेला, धावपट्टीशी रेष जुळलेली, चाकं खाली. यातलं एकही जुळत नसेल तर वर जायचं. ही शिस्त कागदावर सगळ्यांकडे आहे. पण विमान सुरक्षेसाठी काम करणाऱ्या फ्लाइट सेफ्टी फाउंडेशन या संस्थेच्या अभ्यासात असं आढळलं की अस्थिर अप्रोचपैकी जेमतेम तीन टक्क्यांमध्ये पायलटांनी गो-अराउंड केलं. उरलेल्या सत्त्याण्णव टक्क्यांमध्ये विमान तसंच उतरवलं गेलं. हा अभ्यास मोठ्या विमानकंपन्यांचा आहे. तिथे प्रत्येक उड्डाणाची नोंद तपासणारा विभाग असतो, नोकरीची शाश्वती असते, मागे संघटना असते. ज्या चार्टर कंपनीत यातलं काहीच नाही, तिथे काय होत असेल याचा अंदाज प्रत्येकाने स्वतः करावा.

धावपट्टी दिसत नाही तेव्हा पायलटचा सर्वांत मोठा शत्रू म्हणजे अर्धवट दिसणं. ढगांच्या फटीतून एखादा रस्ता, एखादा दिवा, गावाची कड दिसते. ‘दिसलं, दिसलं’ म्हणेस्तोवर ते पुन्हा झाकलं जातं. दोघेही पायलट बाहेर पाहत राहतात, यंत्रांकडे कुणाचंच लक्ष नसतं आणि विमान मात्र आपल्या गतीने खाली येतच असतं. खाली सपाट जमीन असेल अशी खात्री कुठेच नसते. झाडं असतात, विजेच्या तारा असतात, टेकडी असते.

दुसरा सापळा शेवटच्या वळणाचा. विमान वळताना धावपट्टीच्या रेषेपलीकडे गेलं की पायलटला वाटतं, आणखी थोडं कलवू आणि रेषेवर आणू. विमान साठ अंश कललं की पंखांवरचा भार दुप्पट होतो आणि ज्या वेगाखाली पंख विमानाला उचलू शकत नाहीत, तो वेग चाळीस टक्क्यांनी वाढतो. उतरताना वेग आधीच कमी असतो. पंख साथ सोडतात आणि सावरायला उंची नसते.

15 मे 2017 रोजी न्यू जर्सीतल्या टेटरबरो विमानतळाजवळ नेमकं हेच घडलं. फिलाडेल्फियाहून निघालेल्या लिअरजेट 35ए मध्ये प्रवासी नव्हते. घाई करणारा ग्राहकही नव्हता. जोराचा वारा होता, अप्रोच सुरुवातीपासून विस्कटलेला होता, आणि तो सोडून देण्याऐवजी पायलट तो सावरायला गेले. शेवटच्या वळणात विमानाचा तोल गेला आणि धावपट्टीच्या अलीकडे कार्लस्टॅट गावातल्या एका व्यापारी इमारतीवर ते कोसळलं. दोघेही पायलट मरण पावले. विस्कटलेला अप्रोच वाचवण्याचा प्रयत्न हेच एनटीएसबीने कारण म्हणून नोंदवलं. पायलटांनो, हा परिच्छेद तुमच्यासाठी आहे. दबाव दरवेळी मागच्या आसनावरून येत नाही. कधी तो तुमच्या स्वतःच्या अभिमानातून येतो.

मालक स्वतः चालवतो तेव्हा

स्वतःचं विमान स्वतः चालवणाऱ्यांचा धोका आणखी वाढतो, कारण तिथे प्रवासी आणि पायलट एकच असतात. घाई करणारा आणि घाईला नकार देणारा एकाच डोक्यात बसलेले असतात.

16 जुलै 1999 च्या रात्री अमेरिकेच्या माजी राष्ट्राध्यक्षांचे चिरंजीव जॉन एफ. केनेडी ज्युनिअर आपलं पायपर साराटोगा विमान घेऊन न्यू जर्सीहून मार्थाज व्हिनयार्ड बेटाकडे निघाले. सोबत पत्नी आणि मेहुणी होती. केवळ यंत्रांच्या आधारे विमान चालवण्याचा परवाना, म्हणजे इन्स्ट्रुमेंट रेटिंग, त्यांच्याकडे नव्हतं. बेटाकडे उतरत असताना खाली काळं पाणी, वर अंधार आणि मध्ये धूसर हवा होती. क्षितिज दिसेनासं झालं की शरीराला दिशेचा भास होतो आणि तो खोटा असतो. विमान समुद्रात पडलं, तिघेही गेले. रात्रीच्या वेळी पाण्यावरून उतरताना दिशाभ्रम होऊन नियंत्रण सुटलं, असा तपासाचा निष्कर्ष होता.

22 मे 2025 च्या पहाटे कॅलिफोर्नियातल्या सॅन डिएगोत मालकच चालवत असलेलं एक सेसना सायटेशन जेट माँटगोमेरी-गिब्स विमानतळावर उतरायला आलं. रात्रभराचा प्रवास झालेला होता आणि शहरावर दाट धुकं होतं. विमानतळावरचं स्वयंचलित हवामान केंद्र बंद पडलेलं होतं, त्यामुळे तिथली दृश्यता आणि ढगांची उंची प्रत्यक्ष मोजून सांगणारं काही नव्हतं. धावपट्टीकडे नेणारे काही दिवेही बंद होते. तरी अप्रोच पुढे चालू राहिला. विमान विजेच्या तारांना धडकलं आणि लष्करी वसाहतीतल्या घरांवर पडलं. विमानातले सहाही जण मरण पावले. हवामान माहीत नाही, दिवे नाहीत, पहाटेची वेळ आहे. यातलं प्रत्येक कारण दुसऱ्या विमानतळावर जाण्यासाठी पुरेसं होतं.

आपल्याकडची हवा

हे सगळं परदेशातलं आहे, असं म्हणून कुणी पान उलटू नये.

5 जानेवारी 2023 च्या रात्री मध्य प्रदेशातल्या रीवा इथे धुक्यात उतरू पाहणारं प्रशिक्षणाचं विमान चोरहटा धावपट्टीजवळ एका मंदिराच्या कळसाला धडकलं. प्रशिक्षक पायलटचा मृत्यू झाला, शिकाऊ पायलट जखमी झाला.

28 जून 2018 ला पावसाळी हवेत जुहूहून चाचणीसाठी उडालेलं किंग एअर विमान परत जुहूला न पोहोचता घाटकोपरच्या भर वस्तीत पडलं. विमानातले चौघे आणि रस्त्याने जाणारा एक माणूस, असे पाच जीव गेले. त्या पाचव्या माणसाने कुठलंही विमान भाड्याने घेतलं नव्हतं आणि त्याच्यासमोर कुणी कसलाही पर्याय ठेवला नव्हता. शहराच्या डोक्यावरून छोटी विमानं नेणाऱ्या प्रत्येकाने हे ध्यानात ठेवावं.

30 सप्टेंबर 2001 ला, ॲस्पेनच्या अपघातानंतर सहाच महिन्यांनी, काँग्रेस नेते माधवराव सिंधिया कानपूरच्या सभेला निघाले होते. उत्तर प्रदेशात मैनपुरीजवळ खराब हवामानात त्यांचं छोटं विमान कोसळलं आणि आठही जण गेले. त्या आठांमध्ये चार पत्रकार होते. ते विमान उतरण्याच्या टप्प्यावर नव्हतं, पण सभेची वेळ, बिघडलेलं हवामान आणि छोटं विमान ही जुळणी तीच होती.

आपल्याकडच्या दौऱ्याचं गणित बघा. सकाळी एका जिल्ह्यात उद्घाटन, दुपारी दुसऱ्या जिल्ह्यात सभा, संध्याकाळी तिसरीकडे लग्न. हेलिपॅडवर आणि धावपट्टीवर पोलीस बंदोबस्त, गाड्यांचा ताफा, हार घेऊन उभे कार्यकर्ते. मंडपात लोक तासन् तास बसलेले. पीएच्या फोनवर दर पाच मिनिटांनी एकच प्रश्न : साहेब किती वाजता पोहोचतायत? तो प्रश्न पीए पायलटला विचारतो. पायलट त्याच्या कंपनीतल्या माणसाला विचारतो. कंपनीला पुढच्या महिन्यातलंही काम हवं असतं. ‘काहीही करून उतरा’ असं कुणीच म्हणत नाही, पण तसा अर्थ मात्र सगळ्यांपर्यंत पोहोचतो. घाटात पुढच्या गाडीमागे हॉर्न मारायला लावणाऱ्या मालकाला ड्रायव्हर नाही म्हणत नाही, त्यातलाच हा प्रकार आहे. फरक एवढाच की घाटात गाडी बाजूला लावता येते.

ज्या धावपट्ट्यांवर ही विमानं उतरतात त्यांचीही अवस्था सांगितली पाहिजे. जिल्ह्यांतल्या अनेक धावपट्ट्यांवर विमानाला धुक्यातून खाली आणणारी आयएलएस यंत्रणा नाही. तिथे डोळ्यांनी धावपट्टी पाहूनच उतरावं लागतं. आपल्या नियमांनुसार असं डोळ्यांच्या भरवशावर उतरण्यासाठी पाच किलोमीटरची दृश्यता लागते. ती मोजायला तिथे प्रशिक्षित माणूस आणि साधन हवं. मोजणारं कुणी नसेल तर ‘इथे हवा बरी आहे’ हा फोनवरचा निरोप हवामान ठरतो. अशा निरोपावर माणसांचे जीव टांगायचे नसतात.

अटी

आता ज्याच्या त्याच्या जबाबदारीचं बोलतो. या अटींत घासाघीस नाही.

नेते, उद्योजक आणि त्यांचे पीए : विमान निघण्याआधी दुसरं विमानतळ ठरलेलं हवं आणि तिथून पुढे नेणारी गाडीही तयार हवी. ती गाडी उभी असली की पायलटला ‘तिकडे जातो’ म्हणणं सोपं जातं. विमान उतरू लागल्यावर कॉकपिटमध्ये प्रवासी जाणार नाही, पायलटशी बोलणार नाही, त्याला फोन किंवा निरोप पोहोचणार नाही. कार्यक्रमाच्या वेळा उशीर गृहीत धरूनच ठरवायच्या. पायलटने विमान वळवलं तर मंचावरून त्याचं नाव घेऊन आभार मानायचे. कार्यकर्त्यांना आपल्या नेत्याची वाट पाहायची सवय आहे. आणखी तासभर ते सहज थांबतील.

चार्टर कंपन्या : गो-अराउंड केल्याबद्दल किंवा विमान वळवल्याबद्दल कुठल्याही पायलटला जाब विचारला जाणार नाही, हे मालकाच्या सहीनिशी लिहून द्या. त्याची प्रत प्रत्येक ग्राहकाला विमानात बसण्यापूर्वी द्या. विमान वळवण्याचा खर्च करारातच धरा, म्हणजे त्या घडीला पैशाचा वाद निघणार नाही. प्रत्येक उतरण्याची नोंद विमानातल्या उपकरणांतून काढा आणि प्रत्येक अस्थिर अप्रोचचा आढावा घ्या. जमीन जवळ आल्याचा इशारा देणारं यंत्र आणि कॉकपिटमधल्या आवाजाची नोंद ठेवणारं यंत्र ज्या विमानात नाही, ते विमान खराब हवेत नेऊ नका. दिवसभर पाच ठिकाणी उतरून थकलेल्या पायलटला सहाव्या ठिकाणी पाठवू नका.

पायलट : किमान उंची आली आणि धावपट्टी दिसली नाही की वर जा. हजार फुटांवर, पाचशे फुटांवर विमान स्थिर नसेल तर वर जा. एकदा प्रयत्न फसला तर हवामान खरोखर सुधारल्याशिवाय दुसरा करू नका, आणि दुसराही फसला तर तिसऱ्याचा विचार सोडून सरळ दुसऱ्या विमानतळाकडे वळा. को-पायलटच्या तोंडून ‘गो-अराउंड’ निघालं की कॅप्टनने वादविवाद न करता थ्रॉटल पुढे ढकलायचे. को-पायलट चुकला असेल तर जमिनीवर आल्यावर बोला. को-पायलट वयाने आणि अनुभवाने लहान आहे म्हणून त्याचा आवाज दबत असेल, तर ती कॅप्टनची हार आहे. अंतिम निर्णय पायलट-इन-कमांडचा असतो हे कायद्याने ठरलेलं आहे. तो अधिकार तुमच्या हातात दिलेला आहे, तेव्हा तो वापरा.

स्वतः विमान चालवणारे मालक : इन्स्ट्रुमेंट रेटिंग नसेल तर संधिप्रकाशात, धुक्यात आणि पाण्यावरून रात्री उडू नका. कुटुंबाला घेऊन तर नकोच नको. उतरण्याची किमान मर्यादा घरी बसून, शांत डोक्याने, कागदावर लिहा आणि तो कागद विमानात समोर ठेवा.

धावपट्ट्या सांभाळणारी खाती : दृश्यता, वारा आणि ढगांची उंची मोजण्याची व्यवस्था, उतरणीचा कोन दाखवणारे ‘पॅपी’ दिवे, चालू स्थितीतली वाऱ्याची दिशादर्शक पिशवी आणि सज्ज अग्निशमन गाडी ज्या धावपट्टीवर नाही, तिथे चार्टर विमान उतरू देऊ नका. उतरायला येणाऱ्या विमानाला हवामान सांगणारा माणूस परवानाधारक हवा. धावपट्टीच्या दोन्ही टोकांच्या मार्गात उभे राहिलेले मनोरे, तारा आणि इमारती मोजून नोंदवा, आणि ज्या बेकायदा आहेत त्या उतरवा. बंद दिवा आणि बंद यंत्र यांची सूचना स्पष्ट भाषेत काढा आणि ती टॉवरपर्यंत, पायलटपर्यंत पोहोचली याची खात्री करा. ॲस्पेनमध्ये सूचना निघूनही पोहोचली नव्हती.

विमान वाहतुकीचं नियमन करणारी डीजीसीए आणि विमान अपघातांचा तपास करणारी एएआयबी या यंत्रणांनी छोट्या विमानांच्या प्रत्येक अपघाताचा अंतिम अहवाल लवकर आणि जाहीरपणे द्यावा. प्रवाशाचा, ग्राहकाचा किंवा कंपनीचा दबाव होता का, हा प्रश्न प्रत्येक तपासात विचारला जावा आणि त्याचं उत्तर अहवालात यावं. अमेरिकेने ते 2001 च्या अपघातात करून दाखवलं. आपल्याकडेही ते झालं पाहिजे.

मुदत संपल्यावर

येत्या मृगानंतर कुठल्याही नेत्याच्या किंवा उद्योजकाच्या विमानातून दौऱ्याला जाण्याचं आमंत्रण आलं, तर प्रत्येक पत्रकाराने, छायाचित्रकाराने आणि कार्यकर्त्याने चार प्रश्न विचारावेत. दुसरं विमानतळ कोणतं ठरलं आहे? तिथे गाडी उभी आहे का? गो-अराउंडबद्दल जाब विचारणार नाही असं कंपनीने लिहून दिलं आहे का? उतरण्याच्या जागी हवामान कोण मोजतं? चारांपैकी एकाचंही उत्तर मिळालं नाही तर विमानात बसू नका. मैनपुरीजवळ गेलेले चार पत्रकार हे प्रश्न विचारण्यासाठी आज आपल्यात नाहीत.

जे नेते आणि कंपन्या ही उत्तरं देणार नाहीत त्यांची नावं, ती दिली नाहीत या नोंदीसह, जाहीरपणे छापली पाहिजेत आणि हे काम मी करणार आहे. धावपट्ट्यांच्या हवामान-व्यवस्थेबद्दल, दिव्यांबद्दल आणि अडथळ्यांबद्दल माहितीच्या अधिकारात अर्ज केले जातील. प्रत्येक जिल्ह्यातल्या जागरूक नागरिकांनी ते करावेत, कारण ही विमानं त्यांच्याच शेतांवरून आणि घरांवरून खाली येतात. एखाद्या अपघातात दबावाचा पुरावा सापडला, तर दबाव आणणाऱ्यावर गुन्हा दाखल व्हावा ही मागणी पहिल्या दिवसापासून लावून धरली जाईल. मृत पायलटची चूक म्हणून फाईल बंद करण्याची पद्धत यापुढे चालू दिली जाणार नाही.

साहेबांच्या घरच्यांना एक सांगणं आहे. ते विमानतळाकडे निघतील तेव्हा त्यांना एवढंच विचारा : पायलटने ‘आज उतरणार नाही’ असं सांगितलं, तर तुम्ही ते निमूट ऐकाल का? उत्तर ‘हो’ असेल तर जाऊ द्या. उत्तर टाळलं गेलं तर त्यांना थांबवा.

पायलटांनो, तुमच्यावर दबाव आला तर तो लिहून ठेवा : तारीख, वेळ आणि माणूस. जमिनीवर आल्यावर त्याचा अहवाल द्या. तुमच्या पाठीशी उभं राहणारे लोक आहेत, पण तुम्ही जिवंत असाल तरच ते तुमच्या उपयोगी पडतील.

मुदत मृगापर्यंत आहे. तोवर या अटी पूर्ण करा. ज्यांना पूर्ण करता येत नसतील, त्यांनी आपली विमानं हँगरमध्ये ठेवावीत आणि रस्त्याने जावं.